गाणं पावतीचं का आपलं? (स्वयंसेवेचं एक वर्ष, देणग्या आणि गीतमंच)

निंबोणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्याची. सहा वर्षं आयटीत काढली आणि गेल्या जूनपासून वर्षभरासाठी धडगाव तालुक्यातल्या एका निवासी शाळेत स्वयंसेवक म्हणून आलेय. (संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कृपया अंदाज बांधू नका.) मुलं बहुतेक पावरा, काही भिल्ल. राहणं-जेवण संस्थेचं, वर हातखर्चाला थोडे पैसे. येताना वाटलं होतं की गणित शिकवायचं. गणित दिवसाला दोन तासच होतं. बाकीचा दिवस कुठे जातो ते सांगते.

लॅपटॉप घेऊन आले म्हणून पहिल्याच आठवड्यात देणग्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. देणगीदारांना फोटो पाठवा, पावत्या करा, कंपन्यांसाठी प्रस्ताव लिहा, "मुलांचा छोटासा व्हिडिओ मिळेल का?" याला उत्तर द्या. नेटवर्क फक्त मागच्या टेकडीवर येतं, म्हणून रोज संध्याकाळी तास-दीड तास टेकडीवर.

दुसरीकडे गीतमंच. हा मात्र मी हौसेनं सुरू केला. बावीस मुलं-मुली, एक ढोलकी, एक जुनी पेटी. पेटीच्या भात्याला भोक आहे, त्यावर सायकलचं पंक्चर काढायचा पॅच लावलाय. रात्री जेवणानंतर पाऊण तास गातो. मराठी गाणी गातोच, पण पोरं त्यांची पावरी गाणी सुरू करतात तेव्हा मीच त्यांची विद्यार्थिनी असते.

आणि तिसरं म्हणजे इथलं रोजचं जगणं. भाकरीची पाळी, झाडलोट, पाणी भरणं, कुणाला ताप आला तर रात्री उशाशी बसणं, गावात लग्न असलं तर जाणं. यातून अंग काढून घेतलं तर इथे राहण्याला अर्थच नाही. पण सगळ्यात आधी कात्री यालाच लागते. महिन्याभरात माझ्या चार पाळ्या दुसऱ्या ताईंनी केल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मुद्दा. फेब्रुवारीत पुण्यात देणगीदारांचा मेळावा आहे. संस्थेचं म्हणणं, गीतमंचाला घेऊन चला, पोरं गायली की लोक सढळ हातानं देतात. ते खरंही आहे. दिवाळीआधी नाशिकला नेलं होतं तेव्हा वसतिगृहाचं छप्पर होईल एवढी रक्कम जमली. पण तेव्हापासून सरावाला एक वेगळाच वास यायला लागलाय. परवा पेटी काढली तर सातवीतली एक मुलगी विचारते, "ताई, आजचं गाणं पावतीचं का आपलं?"

त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांनी अशी वर्षं काढलीत त्यांनी सांगा: हे तिन्ही कसं सांभाळलंत? आणि मुलांना पुण्याला न्यावं का?

भुईमूग

पहिला! बाकी वाचून प्रतिसाद देतो.

पेटीला पंक्चरचा पॅच, दंडवत घ्या.

कडकलक्ष्मी

नेऊ नये. विषय संपला.

गरीब मुलांना स्वच्छ कपडे घालून श्रीमंतांपुढे गायला उभं करायचं आणि मग डबा फिरवायचा, याला माझ्या भाषेत भीक म्हणतात. फक्त सभागृह वातानुकूलित असतं. त्या सातवीतल्या मुलीला जे कळलं ते संस्थेच्या विश्वस्तांना कळत नाही?

भुईमूग

कडकलक्ष्मी, आसूड हळू. पहिलाच धागा आहे त्यांचा.

अण्णा_सातारकर

निंबोणी बाळ, तुझं पत्र दोनदा वाचलं. (मी याला पत्रच म्हणतो, धागा वगैरे मला जमत नाही.)

कडकलक्ष्मीताईंशी मी सहमत नाही. गाणं आणि मागणं यांचं आपल्याकडे फार जुनं नातं आहे. पहाटे दारात वासुदेव यायचा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. तो गायचा, आई सुपातून धान्य घालायची, आणि तो "दान पावलं" म्हणून पुढच्या दाराला जायचा. त्याला कुणी भिकारी म्हणत नसे. तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

आमच्या उमेदीत राष्ट्र सेवा दल होतं. दल १९४१चं, मी पुष्कळ नंतरचा. साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४६-४७ मध्ये महाराष्ट्र पालथा घातला, तेव्हा दलाचं कलापथक (गाणी-नाटकं करणारा चमू) त्यांच्याबरोबर होतं. सभेच्या आधी गाणी व्हायची आणि मग गुरुजी बोलायचे. गाण्यानं माणसं जागची हलायची नाहीत. पुढे मे महिन्यात गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं आणि मंदिर उघडलं. ते नुसत्या गाण्यांनी झालं असं मी म्हणत नाही. पण गाण्यांवाचून झालं असतं असंही मला वाटत नाही.

१९७२च्या दुष्काळात आम्ही कॉलेजची पोरं चादर धरून गात गल्लोगल्ली फिरलो. एका म्हातारीनं चादरीत एक भाकरी टाकली. पैसे नव्हते तिच्याजवळ. त्या भाकरीचं काय करायचं यावर आमची रात्रभर चर्चा झाली आणि सकाळपर्यंत ती भाकरी कुणीतरी खाल्लेली होती. कुणी ते अजून कळलेलं नाही. मला एकावर संशय आहे, पण तो आता हयात नाही.

भुईमूग

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अण्णा, तुम्हीच खाल्लीत.

डॉ_खवट

"दान पावलं" ही मूळची ८०जी (करसवलतीची) पावती म्हणायची.

कडकलक्ष्मी

अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण वासुदेव मोठा माणूस होता आणि ती त्याची वृत्ती होती. कलापथकातली मुलं स्वतःहून आली होती. तुम्ही चादर धरलीत ती दुसऱ्यांसाठी. इथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी स्वतःच्या छपरासाठी गायचं आहे. फरक आहे की नाही?

अण्णा_सातारकर

आहे. हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

मी_वरोऱ्याची

आनंदवनाच्या शेजारी वाढले म्हणून थोडं लिहिते.

बाबा आमट्यांचा दानाला असलेला विरोध सगळ्यांना माहीत आहे. दान माणसाला दुबळं करतं, काम उभं करतं, या अर्थाचं ते सतत म्हणायचे. महारोगी सेवा समिती १९४९ची, आणि पहिल्यापासून भर श्रमावर. तरी त्याच आनंदवनातून विकासभाऊंनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग असे शंभरावर कलाकार, आणि गावोगाव कार्यक्रम. त्यातून कामाला पैसा मिळतो. मग हे दान की काम?

मी लहानपणी त्यांच्या तालमी बघितल्यात. त्या माणसांना गाण्यात मान होता. मिळालेल्या टाळ्या त्यांना हिशेबात मोजता येत होत्या, कारण हिशेब त्यांच्यासमोर होता. कडकलक्ष्मी म्हणतात तसं वयाचा फरक आहेच. पण मला वाटतं त्याहून मोठा फरक हा की, गाणाऱ्याला सगळं सांगितलंय की नाही. निंबोणी, नाशिकला जमलेल्या पैशांचं काय झालं हे मुलांना कुणी सांगितलं का? छप्पर दाखवून?

अवांतर: बाबांच्याच सोमनाथ प्रकल्पावरची श्रमसंस्कार छावणी कुणी केलीय का? १९६७ पासून दर मे महिन्यात भरते. तिथे सकाळी फावडं आणि संध्याकाळी गाणं. दिवसभर माती उपसलेल्या माणसाला सूर लागत नाही, पण कुणी ऐकायला बसलेलंच नसतं, सगळे गात असतात.

निंबोणी

वरोऱ्याची ताई, नाही सांगितलं. छपराचं सामान आलं, गवंडी आले, छप्पर झालं. ते गाण्यातून झालं हे मुलांना माहीत असेल असं मी गृहीत धरलं होतं.

हिशेबनीस

मी सीए आहे, भावनिक काही लिहिणार नाही. तुमचे दीड तास वाचवतो.

देणग्यांचं काम वाढतं ते एकेका माणसाला एकेक उत्तर देत बसल्यामुळे. महिन्यातून एकदा सगळ्यांना एकच पत्र आणि सोबत एकच फोटो पाठवा. "छोटासा व्हिडिओ" मागणाऱ्यांना सांगा की मुलांच्या चेहऱ्यांचे व्हिडिओ आम्ही पाठवत नाही. दोघं रुसतील, बाकीच्यांचा विश्वास वाढेल.

पावत्या रोज करू नका, आठवड्यातून एकदा बसा. देणगीदाराचा पॅन पहिल्याच निरोपात मागून ठेवा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये रडाल. देणगीदाराला करासाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत द्यायचं असतं आणि तुमचं वर्ष मेमध्येच संपतंय, म्हणजे जाताना हा गोंधळ दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून जाल. रोख देणगी दोन हजारांवर असेल तर देणाऱ्याला ८०जीची वजावट मिळत नाही, हे मेळाव्यात टेबलावर लिहूनच ठेवा. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती वजावट मुळातच नाही. त्यामुळे "कर वाचेल" हे वाक्य भाषणातून काढा.

मेळाव्यात डबा फिरवायचा असेल तर तो नोंदणीकृत संस्थेच्या नावानं, क्रमांक घातलेल्या पावत्यांवरच. नोंदणी नसलेल्या कुणीतरी हौशी मित्रमंडळानं "आम्ही तुमच्यासाठी गोळा करतो" म्हटलं तर थांबवा. त्याला धर्मादाय आयुक्तांकडची परवानगी लागते, कलम ४१सी.

न्यूजर्सीचा_नाना

मला शंभर डॉलर द्यायचे आहेत. गूगल पे नंबर द्या ना.

हिशेबनीस

नाना, थांबा. पासपोर्ट कुठला तुमचा?

न्यूजर्सीचा_नाना

अमेरिकेचा. पण मन सदाशिव पेठेत आहे.

हिशेबनीस

मनाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागू होत नाही, पासपोर्टाला होतो. भारतीय नागरिक परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तुम्ही मात्र परदेशी नागरिक, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड असलं तरी. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असेल तरच तुमची देणगी घेता येते, आणि तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच. गूगल पेवर घेतलेत तर संस्थेच्या गळ्याला फास.

निंबोणी, इथे कुणालाही खाते क्रमांक देऊ नका.

डॉ_खवट

नाना, पुण्यात भाऊ असेल की. तो देईल.

न्यूजर्सीचा_नाना

भावाकडून पैसे काढणं एफसीआरएपेक्षा अवघड आहे.

राईनकाठ

धागा भरकटायच्या आत माझे दोन पैसे. (युरो सेंट. पासपोर्ट भारतीय आहे, हिशेबनीस.)

मी जर्मनीत एक वर्ष स्वयंसेवा केली, मतिमंद प्रौढांच्या निवासात. तिकडे याला सरकारी चौकट आहे. बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, एका श्वासात म्हणून दाखवा. २०११ मध्ये सक्तीची सैन्यभरती थांबली. ती टाळणारी मुलं जी नागरी सेवा करायची तीही त्याबरोबर संपली, म्हणून ही ऐच्छिक योजना आली. पॉकेटमनी मिळतो, वर्षात साधारण पंचवीस दिवस शिबिरं असतात, आणि मुख्य म्हणजे तास ठरलेले. आठवड्याचे तास भरले की प्रमुख बाई अक्षरशः दिवा मालवून "घरी जा" म्हणायच्या. सुरुवातीला मला अपमान वाटायचा, आपण काय हमाल आहोत का तास मोजायला! पण डिसेंबरमध्ये माझ्याबरोबरची एक मुलगी सगळ्यांसाठी सगळं करता करता थकून आजारी पडली, तेव्हा तो दिवा का मालवतात ते समजलं.

गावात चर्चचा कॉयर (गाणाऱ्यांचा समूह) होता, दर मंगळवारी संध्याकाळी. मी ना ख्रिश्चन ना मला जर्मन धड येत. तरी गेले, आणि गावात माझी ओळख झाली ती तिथेच. निवासातल्या कामानं मी "ती भारतीय स्वयंसेवक" होते. कॉयरमध्ये मी "दुसऱ्या रांगेतली अल्टो" (बायकांमधला खालचा आवाज) झाले. म्हणून सांगते, या तिन्हीतलं गाणं सोडू नकोस. बाकी दोन गोष्टी त्यावर टिकतात.

आणि मुलांनी गाऊन पैसे जमवण्याबद्दल. तिथे जानेवारीत, ६ तारखेच्या आसपास, मुलं तीन राजांचे मुकुट घालून, काठीवर तारा लावून घरोघर गात फिरतात. श्टेर्नझिंगर म्हणतात त्यांना. दारावर खडूनं वर्षाचा आकडा आणि तीन अक्षरं लिहितात, डब्यात पैसे घेतात. संघटितपणे हे १९५९ पासून चालू आहे आणि आजवर शंभर कोटी युरोंहून जास्त जमलेत. हे पैसे जगभरच्या मुलांच्या कामांना जातात. गाणाऱ्या मुलांच्या वाट्याला चॉकलेटं. आमच्या निवासाच्या दारात आली होती, सगळ्यात धाकट्या राजाचा मुकुट नाकावर घसरलेला आणि तो झोपेला आलेला. कडकलक्ष्मींना त्यात काही गैर वाटलं नसतं. कारण ती मुलं स्वतःसाठी मागत नव्हती.

कडकलक्ष्मी

नसतं वाटलं. चॉकलेटं किती मिळतात त्यावर अवलंबून.

पेटीवाला

तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. इथे सगळे तत्त्वज्ञान सांगताहेत, मी पट्टीचं बोलतो.

निंबोणीताई, तुम्ही कुठल्या पट्टीत गाऊन घेता? बरेच लोक स्वतःला सोयीचं म्हणून काळी एक लावतात आणि मुलं खाली घुमत राहतात. मुलांना काळी चारच्या आसपास ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे आवाज फुटायला लागले असतील तर त्यांना मागे ढकलू नका, ढोलकी-झांज द्या, खालचा सूर धरायला लावा. आवाज फुटला म्हणून गीतमंचातून काढलेला मुलगा पुन्हा कधी गात नाही. असे निदान दहा तरी पाहिलेत, त्यातला एक मी.

आणि चांदसैली घाट उतरून नंदुरबारमार्गे पुण्यापर्यंत दिवसभर गाडीत बसवून आणलेल्या मुलांना त्याच संध्याकाळी गायला उभं करू नका. नेणारच असाल तर एक रात्र मुक्काम, गायच्या आधी गरम पाणी, आणि सहा गाणी नाही, तीन.

निंबोणी

पेटीवालाकाका, काळी एकच होती. आजपासून बदलली. पोरं म्हणाली, "ताई, आज तुम्हीच बारीक आवाजात ओरडताय."

भुईमूग

वाखुसा (वाचनखूण साठवली). बाकी ते पाळीच्या भाकरीबरोबर भाजी काय असते हो तिकडे?

निंबोणी

अंबाडीची भाजी आणि उडदाची डाळ. त्या अंबाडीवर वेगळा धागा काढेन.

खानदेशी_ठेचा

जरा कडू लिहितो. राग नसावा.

मी अशाच एका संस्थेत चौदा वर्षं पूर्णवेळ आहे. दर जूनमध्ये कुणीतरी येतं, पुण्याचं नाहीतर मुंबईचं. मनापासून येतं यात शंका नाही. कुणी वाचनालय काढतं, कुणी नाटक बसवतं, कुणी गीतमंच. एप्रिलमध्ये निरोप समारंभ होतो, मुलं रडतात, ताई-दादा रडतात, फोटो निघतात. आणि पुढच्या जूनमध्ये त्या पेटीवर उंदरांची लेंडकं असतात. एकाच मुलाला पाच वर्षांत पाच ताई सोडून गेल्या की सहाव्या ताईला तो नाव विचारत नाही.

तुमचा प्रश्न आहे "तिन्ही कसं सांभाळू". माझा उलटा प्रश्न आहे: मे महिन्यानंतर तिन्हीपैकी काय उरणार? देणगीदारांची यादी तुमच्या लॅपटॉपवर आहे का संस्थेच्या? पेटी दुसऱ्या कुणाला येते का? आणि ज्या ताईंनी तुमच्या पाळ्या केल्या, त्यांना तुम्ही काय शिकवलंत? त्या दहावी झालेल्या असतील, गावातल्याच असतील, आणि त्या कुठेही जाणार नाहीत.

टेकडीवर उद्यापासून एकट्या जाऊ नका. त्यांना घेऊन जा.

डॉ_खवट

ठेचा चांगलाच झोंबला. पण +१.

कडकलक्ष्मी

+१. हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

भुईमूग

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

राईनकाठ

ठेचा यांचं पटलं, तरी एक सांगते. वर्षभराचा पाहुणा अगदीच निरुपयोगी नसतो. मला त्या निवासातले एक आजोबा अजून पोस्टकार्ड पाठवतात. त्यावर फक्त ट्रॅक्टरचं चित्र असतं. सोडून जाणं वाईट नाही, न सांगता जाणं वाईट. जूनमध्येच मुलांना सांगायला हवं की मी मेमध्ये जाणार.

खानदेशी_ठेचा

मान्य. आणि जाणार म्हटलं की दिवाळीला पत्र पाठवायचं. दोन वर्षं तरी.

निंबोणी

सगळ्यांचे आभार. ठेचादादा, तुमचा प्रतिसाद वाचून रडले आणि मग लॅपटॉपमधली यादी संस्थेच्या कपाटातल्या रजिस्टरात उतरवली. हातानं. सगळं झाल्यावर सविस्तर लिहीन.

*(दोन महिन्यांनी)*

भुईमूग

धागा वर काढतोय. निंबोणी, काय झालं पुण्याचं?

निंबोणी

झालं. लिहायचंच होतं, होळीत अडकले होते.

तुमचे प्रतिसाद वाचल्यावर आधी मुलांना घेऊन वसतिगृहात गेले आणि छपराखाली बसवलं. नाशिकला किती जमले, पत्रे कितीचे, गवंड्यांना किती, उरले किती, सगळं फळ्यावर मांडलं. गणिताचा तास म्हणूनच. उरलेल्या रकमेचं काय करायचं यावर अर्धा तास भांडणं झाली आणि पेटीचा भाता दुरुस्त करायचा ठरला. (पेटीवालाकाका, पॅच निघाला.) मग विचारलं, पुण्याला कुणाला यायचंय? बावीसमधल्या तेरा जणांनी हात वर केला. नऊ नाही म्हणाले, त्यांना नेलं नाही. त्या सातवीतल्या मुलीनं हात वर केला नव्हता. मला वाटलं तिचं तत्त्व असणार. नंतर कळलं, तिला गाडी लागते.

पुण्यात एक रात्र मुक्काम, तीन गाणी, त्यातली दोन पावरी. एका देणगीदार काकांनी नंतर येऊन विचारलं की मुलं मराठी गाणी का जास्त गात नाहीत, त्यांना संस्कार नकोत का. मी काहीतरी मुळमुळीत उत्तर दिलं. काय द्यायला हवं होतं ते परतीच्या वाटेत घाटात सुचलं. रक्कम नाशिकपेक्षा कमी जमली. विश्वस्त थोडे नाराज आहेत. ते चूक आहेत असंही मला ठामपणे म्हणता येत नाही, कारण पाण्याची टाकी अजून राहिलीच आहे.

पावत्या आता दोन ताई करतात, आठवड्यातून एकदा, आम्ही तिघी टेकडीवर जातो. त्यातली एक माझ्यापेक्षा जलद करते आणि मला "पॅन मागितला का?" म्हणून झापते. पेटीवर दुसरीची बोटं बसायला लागलीत. भाकरीची पाळी मी आता चुकवत नाही. भाकरी मात्र अजून नकाशासारखीच होते.

आणि होळी. काठी गावची मोठी होळी बघून परत येत होतो. आमच्या गावाच्या अलीकडे रस्त्यावर दोरी आडवी. दोरीच्या दोन्ही टोकांना आमच्याच शाळेतल्या मुली, सुट्टीला घरी आलेल्या. गाडी अडवून गायला लागल्या. फाग (होळीचे पैसे) मागत होत्या. इथे होळीला मुली असा रस्ता अडवतात, गातात आणि फाग घेतल्याशिवाय सोडत नाहीत. ती सातवीतली सगळ्यात पुढे, आणि काय खणखणीत आवाज! गीतमंचात हिचा असा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. गाण्यात माझंच नाव घालून काहीतरी चाललं होतं. अर्थ विचारला तर सगळ्या तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या, ड्रायव्हरसुद्धा. अजून कुणी सांगितलेला नाही. शंभराची नोट काढली तर ती म्हणाली, "ताईला दोनशे."

अण्णा_सातारकर

दिलेस ना?

निंबोणी

दिले अण्णा. दोरी सोडलीच नसती.

कडकलक्ष्मी

याला मी भीक म्हणणार नाही. याला खंडणी म्हणतात. शाब्बास पोरी.

हिशेबनीस

रोखीत, दोन हजारांच्या आत. चालेल. पॅन घेतला का त्यांनी?

डॉ_खवट

ठेचा, तुम्हाला पावरी येत असेल ना? त्या गाण्याचा अर्थ लावा की.

खानदेशी_ठेचा

येते. फागाच्या गाण्यात काय म्हणतात तेही माहीत आहे. सांगणार नाही.

भुईमूग

ते अंबाडीच्या भाजीचं राहिलंच की हो.